गुळवेलीचा पहिला पुरवा

काशीत थंडी पडली की लोक दोनच गोष्टींवर बोलतात, धुकं आणि इम्युनिटी. धुकं जुनंच. इम्युनिटी करोनाच्या साथीत आली आणि साथ गेली तरी ती काही गेली नाही. पानवाला कात लावता लावता तिच्यावर बोलतो, नाववाला वल्हं ओढता ओढता बोलतो, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस आपण च्यवनप्राश कोणता घेता हे विचारल्याशिवाय पुरीला हात लावत नाही. सगळं गाव ती वाढवायच्या मागे लागलेलं. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत एक घर मात्र असं होतं, जिथे ती वाढू नये म्हणून जिवाचं रान चाललं होतं.

ते रान करणारी बाई म्हणजे कस्तुरी. नागपूरची, रेल्वेतल्या बापाची लेक, बँकेत नोकरी, आणि बोलणं असं की समोरच्याला दुसऱ्यांदा सांगावं लागू नये. तिचा नवरा यज्ञेश इंटर कॉलेजात संस्कृत शिकवायचा. चाळिशी ओलांडता ओलांडता त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. डायलिसिसवर बरेच दिवस काढल्यावर लखनौला ऑपरेशन झालं आणि कस्तुरीची एक किडनी त्याच्या पोटात बसली.

तिथल्या डॉक्टरांनी तेव्हाच नीट समजावलं होतं. शरीराला आपलं आणि परकं एवढंच कळतं, उपकार वगैरे कळत नाही. बायकोची असली तरी त्याच्या शरीराच्या लेखी ही किडनी उपरीच, आणि आतल्या पहारेकऱ्यांना जाग आली की ते तिला हुसकायला धावणार. म्हणून सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी गोळ्या घ्यायच्या आणि पहारेकऱ्यांना पेंगत ठेवायचं, जन्मभर. आता पहारेकरीच पेंगल्यावर साधी सर्दीसुद्धा बिनदिक्कत आत शिरते, तेव्हा दार आपण राखायचं.

कस्तुरीने ते असं राखलं की गल्ली तिला पाठीमागे ‘दरोगाइन’, म्हणजे फौजदारीण, म्हणू लागली. आलेल्याने आधी हात धुवायचे, खोकणाऱ्याने खालूनच बोलायचं, उघड्यावरचं खाणं नाही, न उकळलेलं पाणी नाही. थंडी सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना विचारून फ्लूची लस. यज्ञेश बाहेर पडला की मास्क, आणि मास्कवरून मफलर. कोणी हसलं तर ती म्हणायची, “हसा. हसायला पैसे पडत नाहीत.”

घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे, काशीनाथशास्त्री. सगळे त्यांना अण्णा म्हणत. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, अभिषेक, तीर्थविधी हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. सत्तरी उलटली तरी ऐन पौषात पहाटे पंचगंगेवर बुडी मारून यायचे आणि ओल्या पंच्यानिशी पायऱ्या चढायचे. मुलाला पंचामृत द्यायचं नाही, तीर्थ द्यायचं नाही, हे त्यांना सांगितलं तेव्हा ते फक्त “बरं” म्हणाले. ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या तळहातावर तीर्थ घातलं, त्याला स्वतःच्या मुलाचा तळहात बंद झाला. पण त्यावरून त्यांनी घरात एक शब्द काढला नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या आत रुतून बसली होती. लखनौला आधी त्यांनीच छाती पुढे करून सांगितलं होतं, माझी घ्या. तपासणीत साखर निघाली. वय आणि मधुमेह दोन्ही पाहून डॉक्टरांनी मान हलवली. मग कस्तुरीची जुळली. त्या दिवशी अण्णा दवाखान्याच्या जिन्यात पायरीवर बराच वेळ बसून राहिले होते. कस्तुरीने ते पाहिलं होतं, पण तिच्यापुढे तेव्हा स्वतःचं ऑपरेशन होतं. बापाला जे देता आलं नाही ते सुनेने दिलं, हे म्हाताऱ्याला किती लागलं असेल याचा विचार करायला तिला सवड नव्हती.

थंडीत अण्णा काढा करत. मार्गशीर्ष लागला की गुळवेल, तुळस, सुंठ, मिरी आणि गूळ घालून मोठं पातेलं खालच्या ओसरीत उकळायचं आणि स्नान करून परतणाऱ्यांना गल्लीच्या तोंडाशी पुरव्यातून वाटायचं. पुरवा म्हणजे मातीचा छोटा पेला, बनारसात चहाही त्यातूनच पितात. हे वाटप लग्नाआधीपासूनचं, त्यामुळे कस्तुरीला त्यात कधी वावगं दिसलं नव्हतं. ऑपरेशननंतर तिने बाप-लेकांना एकदाच बजावलं होतं, यज्ञेशला कुठलंही आयुर्वेदिक औषध द्यायचं नाही. दोघांनी माना डोलावल्या होत्या. सकाळच्या त्या वेळी ती वर डबे भरत असायची आणि यज्ञेश पेपर आणायला खाली जायचा. पेपर आणायला त्याला फार वेळ लागतो एवढं तिच्या लक्षात आलं होतं, पण नवऱ्यांना पेपर आणायला वेळ लागतोच.

पौषाच्या मध्यावर यज्ञेशच्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि क्रिएटिनिन वर चढलेलं निघालं. बनारसमध्ये त्याला डॉ. शुक्ला नावाच्या बाई तपासायच्या. त्यांनी रिपोर्ट पाहिला, त्याच्या पायावर बोट दाबून सूज पाहिली आणि चष्मा काढला.

“मास्टरसाहब, दवा छूटी है क्या?”

“नहीं मॅडम.”

“बाहर की कोई दवा? जड़ी-बूटी?”

“नहीं,” यज्ञेश म्हणाला आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवू लागला.

डॉक्टरांनी दोन-तीन दिवसांनी पुन्हा रक्त द्यायला सांगितलं. आकडा आणखी चढला तर भरती करावं लागेल, आणि शरीराने किडनी नाकारायला सुरुवात केली असेल तर वेळ दवडून चालणार नाही, हेही सांगितलं.

मैदागिनच्या चौकापर्यंत दोघं ई-रिक्शाने आली. तिथून पुढे गल्ल्या, पायीच जायचं. एका बंद दुकानापाशी ती थांबली.

“खरं सांग. गोळी चुकवलीस का?”

“नाही गं.”

“कॉलेजात, गडबडीत? एखाद्या दिवशी?”

“तुझ्या गळ्याची शपथ, एकदाही नाही.”

“माझ्या गळ्याला मध्ये आणू नकोस. माझं एवढं तुझ्या पोटात आहे, गळा तरी मला राहू दे.”

यज्ञेश हसला नाही. एरवी हसला असता. तो खाली बघत चालू लागला, आणि कस्तुरीच्या मनात संशयाने घर केलं. हा लपवतोय. तिला राग आला आणि रागाच्या खाली साधी भीती होती. हा माणूस जाईल. एवढं सगळं करूनही जाईल.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. धुकं असं होतं की समोरच्या घराचं दार दिसत नव्हतं. कस्तुरी दूध घेऊन येत असताना गल्लीत बकुळमावशी भेटल्या. शेजारच्या घरातल्या, जन्म बनारसातला, मराठी घरातली आणि हिंदी बाजारातली, पण दोन्ही त्यांच्या तोंडात एकत्रच नांदायच्या.

“कस्तुरी, अगं, तुझ्या अण्णांच्या काढ्यानं कमालच केली. आधा जाडा, अर्धी थंडी सरली बघ, एक शिंक आली असेल तर कसम!”

“छान झालं की मावशी.”

“आणि यज्ञेशला पण केवढा फायदा झाला असेल, नाही? पहिला पुरवा तर त्याचाच असतो. अण्णा म्हणतात, पहले हमारा लड़का, फिर मोहल्ला. तो पिऊन गेला की मगच आम्हाला मिळतो.”

कस्तुरीच्या हातातलं दूध हिंदकळून पायावर सांडलं. ते गरम नव्हतं, पण तिला भाजल्यासारखं झालं. मावशी पुढे काहीतरी बोलत होत्या. ती तडक घरात शिरली.

अण्णा ओसरीत पातेलं घासत होते. रिकामे पुरवे टोपलीत पडले होते.

“अण्णा, यज्ञेशला काढा देता?”

“देतो की.” त्यांनी मान वर केली. लपवाछपवीचा मागमूस नाही. “यंदा थंडी सुरू झाल्यापासून देतोय. पोराला सारखी सर्दीची धास्ती. म्हटलं, बाहेरून किती मफलर गुंडाळणार? आतून ताकद यायला हवी. कडुलिंबावर चढलेली गुळवेल आहे, अस्सल. मी स्वतः तोडून आणतो.”

“मी सांगितलं होतं ना, आयुर्वेदिक औषध नाही म्हणून?”

“औषध कुठे दिलं?” अण्णांना खरोखरच नवल वाटलं. “बाटलीतलं, पुडीतलं काही दिलं नाही. काढा आहे हा, चूल्हे-चौके की चीज. तू आल्याचा चहा करतेस तसा.”

कस्तुरी पाटावर बसली. भांडायला आली होती, पण भांडायचं कोणाशी? या माणसाच्या हिशेबी औषध दुकानात मिळतं आणि काढा घरात होतो, दोघांचा संबंधच नाही. आणि ‘औषध देऊ नका’ म्हणताना काढ्याचं नाव घ्यायला हवं हे तिलाही सुचलं नव्हतं. नागपूरला तिच्या आईनेही काढ्याला कधी औषध म्हटलं नव्हतं.

तिने सांगितलं. आवाज न चढवता, जितकं तिला येत होतं तितकं. गुळवेल पहारेकऱ्यांना जागं करते असं म्हणतात. इतरांना हवंच असतं ते. याच्या पोटात मात्र जाग्या झालेल्या पहारेकऱ्यांना आधी दिसणार ती माझी किडनी.

अण्णांच्या हातातला काथ्या गळून पडला. “म्हणजे... मी?”

“अण्णांना काही बोलू नकोस.” यज्ञेश जिन्यात उभा होता. कधीपासून, कोण जाणे. “त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.”

“काय माहीत होतं?”

“गिलोय, आपली गुळवेल, घ्यायची नाही. लखनौच्या डॉक्टरांनी नाव घेऊन सांगितलं होतं. तू तेव्हा तुझ्या वॉर्डात होतीस.”

कस्तुरी पाटावरून उठली.

“त्यांच्या हातचं सगळं आपण बंद केलं,” यज्ञेश म्हणाला. “तीर्थ नाही, प्रसाद नाही. पहिल्या दिवशी त्यांनी पुरवा पुढे केला ना, तेव्हा किती खूश होते. वाटलं, एका घोटाने काय होतंय? मग दुसऱ्या दिवशी नाही म्हणणं आणखी अवघड झालं. तिसऱ्या दिवशी त्याहून. रिपोर्ट आला तेव्हा तर तोंडच उघडेना.”

आता मात्र कस्तुरीचा आवाज चढला, आणि तो बकुळमावशींच्या माडीपर्यंत गेला.

“वडिलांचं मन मोडवलं नाही तुला. आणि माझं? ती किडनी काय देवळातला नारळ आहे, एक फुटला तर दुसरा आणू? माझी होती ती, यज्ञेश! माझ्या अंगातून काढून दिली. काल गल्लीत माझ्या गळ्याची शपथ घेतलीस आणि हे गिळून बसलास. माझ्याकडे आता दुसरी नाही द्यायला. समजलं? नाही दुसरी!”

तिला रडू येत होतं, पण रडायला बसलं की वेळ जातो हे तिला ठाऊक होतं. तिने डॉक्टरांना फोन लावला आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. पलीकडून “अभी लाइए” एवढंच आलं.

“स्वेटर घाल. मास्क लाव.”

“मी येतो,” अण्णा उठले. “मीच सांगेन डॉक्टरीणबाईंना. करणारा मी आहे.”

दवाखान्यात त्यांनी खरोखरच सांगितलं, उभं राहून, एकही गोष्ट न वगळता. गुळवेल किती, कशी उकळली, रोज की एक दिवसाआड. एरवी यजमानांना संकल्प सांगणारा खणखणीत आवाज डॉक्टरांच्या त्या छोट्या खोलीत मात्र खाली खाली जात राहिला. डॉ. शुक्ला रागावल्या नाहीत.

“पंडितजी, इसी से हुआ, यह मैं कसम खाकर नहीं कह सकती. पर इनके लिए यह चीज़ ठीक नहीं. आज से बंद.”

“डॉक्टर साहिबा,” अण्णा म्हणाले, “वह बिगड़ गई हो तो मेरी एक ले लीजिए.”

“आपको शुगर है, पंडितजी.”

“हाँ,” अण्णा म्हणाले. “वह तो है.”

यज्ञेशला भरती केलं. किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला, तेव्हा शरीराने तिच्यावर हल्ला चढवल्याचं निघालं. सलाइनमधून जबर औषधं सुरू झाली. पुढचे दिवस कस्तुरीने बँक आणि दवाखाना यांच्यामध्ये धावण्यात काढले. सकाळी धुक्यात निघायचं, संध्याकाळी धुक्यात परतायचं. अंग ठणकायचं, डोकं फुटायचं, पर्समधल्या गोळीने तेवढ्यापुरतं थांबायचं. यज्ञेशशी ती कामापुरतंच बोलायची. “पाणी.” “गोळी.” “लघवी किती झाली?” तो उत्तरं द्यायचा. एकदा त्याने तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण आपला हात त्याच्या हातात तसाच पडू दिला, मेल्यासारखा.

अण्णा बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये खांबाशी बसून असायचे. आत एकालाच सोडत, आणि ते आत जायचं नावही काढत नसत. कस्तुरी जाता-येता त्यांना डबा द्यायची. ते उघडायचे, थोडं खायचे, आणि भिंतीवर लावलेली हिंदीतली आरोग्याची माहिती वाचत बसायचे. त्यांना दुसरं काही वाचायला तिथे नव्हतंच.

आकडा उतरला. पूर्वीइतका नाही, पण उतरला. सोडताना डॉ. शुक्ला कस्तुरीला बाजूला घेऊन म्हणाल्या, किडनी वाचली, पण तिचं थोडं आयुष्य यात गेलं. किती गेलं हे त्या सांगू शकत नव्हत्या. कस्तुरीनेही विचारलं नाही.

घरी आल्यावर अण्णांनी ओसरीतलं पातेलं पुन्हा चढवलं, पण पुरवा हातात द्यायच्या आधी ते आता प्रत्येकाला विचारू लागले, कोणती दवा चालू आहे का, कुठलं ऑपरेशन झालंय का. अर्धी गल्ली नाराज झाली. काढा प्यायला आलोय की इन्शुरन्स काढायला, असं एकाने तोंडावर विचारलं. अण्णांनी त्याचा पुरवा परत घेतला.

माघातल्या एका दुपारी कस्तुरी स्वयंपाकघरात एकटीच बसली होती. बँकेतून लवकर आली होती. डोकं ठणकत होतं. तिने पर्समधून गोळी काढून ओट्यावर ठेवली, पाण्याचा पेला भरला, तेवढ्यात अण्णा दारात येऊन उभे राहिले.

“कसली गोळी?”

“दुखण्यावरची. डोकं चढलंय.”

“रोज घेतेस?”

“हल्ली घ्यावी लागते. का?”

अण्णा आत आले. त्यांनी तिच्या हातातून पेला काढून घेतला आणि ओट्यावर ठेवला. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांनी तिच्या हातातलं काही कधी काढून घेतलं नव्हतं.

“तुझी कशी आहे?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“तुझी गं. तुझ्याकडे राहिली ती.”

कस्तुरीला पटकन कळलंच नाही.

“तिथे भिंतीवर लिहिलं होतं,” अण्णा म्हणाले. “मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. ज्याने किडनी दिली त्याने दर साल जांच करवायची. दर्दच्या गोळ्या मनाने खायच्या नाहीत. रोज वाचायचो, आणि रोज यज्ञेशचाच विचार करायचो. काल पहाटे पाण्यात उभा होतो तेव्हा ध्यानात आलं, हे तर तुझ्यासाठी लिहिलंय. तू कधी केलीस जांच?”

“पहिल्या वर्षी,” कस्तुरी म्हणाली. “लखनौला.”

“मग?”

मग काय? मग यज्ञेशचे रिपोर्ट होते, यज्ञेशच्या गोळ्या होत्या, यज्ञेशचं पाणी उकळायचं होतं. दर महिन्याला ती त्याला घेऊन लॅबमध्ये जायची आणि बाकावर बसून त्याची वाट बघायची. त्याच खुर्चीत आपणही बसावं, दंड पुढे करावा, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. सगळ्या गल्लीला खोकल्याबद्दल फैलावर घेणाऱ्या दरोगाइनने स्वतःला साधं विचारलंही नव्हतं.

तिला रडू फुटलं. दवाखान्यात आलं नव्हतं, त्या रविवारी ओसरीत आलं नव्हतं, ते सगळं आता आलं. अण्णा गडबडले. सुनेच्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे त्यांना ठरवता येईना, म्हणून ते नुसते जवळ उभे राहिले. आवाज ऐकून यज्ञेश बाहेर आला आणि चौकटीत थबकला. त्याने सगळं ऐकलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला होता. त्याने काही सफाई दिली नाही. ओट्यावरची गोळी उचलून पुन्हा पाकिटात घातली आणि म्हणाला, “उद्या सकाळी जा. डबे मी भरतो.”

सकाळी धुकं तसंच होतं. यज्ञेशला गर्दीत न्यायचं नव्हतं, म्हणून तिच्याबरोबर अण्णा निघाले, गळ्याभोवती मफलर गुंडाळून, चालताना दोनदा दम खात. लॅबमध्ये नेहमीचाच मुलगा होता. तो कस्तुरीला ओळखायचा. त्याने सुई काढली, कापूस काढला आणि न बघताच सांगितलं, “पेशेंट को बैठाइए.”

कस्तुरी सवयीने बाजूला झाली आणि यज्ञेशला पुढे करायला मागे वळली. मागे अण्णा उभे होते. त्यांनी खुर्चीकडे हात केला.

“हम ही हैं, भैया,” कस्तुरी म्हणाली. मग तिने खुर्चीत बसून स्वेटरची बाही वर केली.